ओला करार, सुका करार: परदेशी मोहिमेवरील पुरवठा अधिकाऱ्याच्या दिनक्रमाची पार्श्वभूमी

परदेशी मोहिमेवर गेलेल्या पुरवठा अधिकाऱ्याचा दिवस कोठारात जातो अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात त्याचा बराचसा वेळ मोजदादीत आणि मोजलेली वस्तू कोणाच्या खाती घालायची हे पाहण्यात जातो. निळ्या शिरस्त्राणाखालील शांतिमोहिमेत शिधा, पाणी आणि इंधन संयुक्त राष्ट्रे ही जागतिक संघटना पुरवते, तर वाहने, जनित्रे आणि स्वयंपाकघर तुकडी पाठवणाऱ्या देशाचे असते. एकाच डिझेलच्या टाकीभोवती दोन मालक उभे असतात आणि दोघांच्या वहीवर सही मात्र याच अधिकाऱ्याची असते.

पुरवठ्याचा धनी कोण, हा वाद जुना आहे. क्रिमियाच्या युद्धात ब्रिटिश फौजेचे रसद खाते १८५४ च्या अखेरीपर्यंत अर्थखात्याच्या हाताखाली होते. बालाक्लावाच्या बंदरात माल साचला होता आणि तेथून दहा-अकरा किलोमीटरवरच्या छावणीत सैनिकांना कॉफी मिळाली तीही न भाजलेली, हिरवी. १९९१ च्या आखाती युद्धात अडचण उलटी होती. तेव्हा माल मुबलक पोहोचला, परंतु आलेल्या सुमारे ४० हजार कंटेनरांपैकी निम्म्याहून अधिक, आत काय आहे हे कळावे म्हणून उघडून पाहावे लागले. त्यानंतर संगणकीय नोंदी आणि खुणांची लेबले यांवर भर वाढला. आजच्या दिनक्रमाला खरा आकार मात्र त्याच दशकातील हिशेबाच्या एका निर्णयाने दिला.

कंबोडिया, सोमालिया आणि माजी युगोस्लाव्हियातील मोहिमांमुळे १९९३ च्या सुमारास शांतिसैनिकांची संख्या सत्तर हजारांवर गेली. तोवरच्या पद्धतीत तुकडीचे सामान येताना आणि परत जाताना त्याचे मूल्य ठरवले जाई आणि मधल्या काळातील घसारा देशाला मिळे. एकाच प्रकारच्या ट्रकची किंमत दोन देश वेगवेगळी सांगत, दावे वर्षानुवर्षे रखडत. यावर तोडगा म्हणून १९९६ मध्ये भाड्याची पद्धत स्वीकारण्यात आली. प्रत्येक प्रकारच्या सामग्रीला ठरावीक मासिक दर, तुकडी निघण्यापूर्वी लेखी करार, त्याच्या जोडपत्रांत माणसे, मोठी सामग्री आणि दैनंदिन सोयी यांची यादी, आणि दरांचा दर तीन वर्षांनी फेरविचार, असे तिचे स्वरूप आहे.

या करारातील ‘वेट लीज’ आणि ‘ड्राय लीज’ या दोन शब्दांनी जितका गोंधळ घातला आहे तितका क्वचितच कोणत्या शब्दांनी घातला असेल. विमान भाड्याने देणाऱ्यांच्या भाषेत ओला करार म्हणजे कर्मचाऱ्यांसह विमान. यंत्रे भाड्याने देणारे बरेच जण त्यात इंधनही धरतात. शांतिमोहिमेत मात्र ओल्या करारात देखभाल आणि सुटे भाग येतात, इंधन येत नाही, आणि माणसांचा मोबदला वेगळ्या जोडपत्रात असतो. सुक्या करारात देश केवळ वाहन देतो आणि त्याची देखभाल संघटना स्वतः करते किंवा दुसऱ्याकडून करवून घेते. म्हणजे येथे ‘ओले’ असते ते वंगण आणि नटबोल्टपुरते. ‘सेल्फ-सस्टेनमेंट’चेही असेच आहे. स्वयंनिर्वाह असा अर्थ लावला की तुकडी स्वतःचे धान्य घेऊन येते असे वाटते. वास्तवात या सदराखाली देश स्वयंपाकघर, भांडी गरम पाण्याने धुण्याची सोय आणि साठवण देतो. जेथे गरज असेल तेथे १४ दिवसांचा गोठवलेला आणि ७ दिवसांचा थंड साठा मावेल एवढी ती हवी. त्यात ठेवायचे मांस आणि भाजी संघटनेच्या कंत्राटदाराकडून येते.

सकाळी शिध्याचा शीतट्रक फाटकावर आला की या विभागणीचा अर्थ दिसतो. अधिकारी आधी ट्रकवरील तापमानाची नोंद पाहतो, मग खोके उघडून मांसात तापमापक खुपसतो. गोठवलेला माल उणे १८ अंशांच्या आसपास हवा. तो मऊ लागला किंवा खोक्याच्या तळाशी वितळून पुन्हा गोठलेल्या पाण्याचा थर दिसला, तर माल परत करण्याचा अधिकार त्याला आहे, पण परत केला तर बदली माल येईपर्यंत मुदपाकखान्याने काय शिजवायचे हेही त्यालाच ठरवावे लागते. सही झाल्यानंतर शीतगृह बंद पडले, तर दोष तुकडीचा. सहीपूर्वीचा दोष कंत्राटदाराचा. त्या एका सहीसाठी ट्रकजवळ तासभर घासाघीस चालणे नवलाचे नाही.

ओल्या कराराचे ओझे सर्वाधिक जाणवते ते सुट्या भागांच्या बाबतीत. ते मायदेशाहून देशानेच आणायचे असतात आणि अंतराची भरपाई म्हणून पहिल्या ८०० किलोमीटरनंतर पुढच्या प्रत्येक ८०० किलोमीटरला देखभालीच्या दरात पाव टक्का वाढ मिळते. कागदावर हे न्याय्य आहे. परंतु मध्य आफ्रिकेतील बांगीला जाणारा माल कॅमेरूनमधील दुआलाच्या बंदरात उतरतो आणि पुढे सुमारे दीड हजार किलोमीटर रस्त्याने जातो. त्या रस्त्यावरचा पावसाळा, सशस्त्र संरक्षणाची वाट पाहण्यात गेलेले दिवस आणि करमाफी असूनही बंदरावर अडकलेली कागदपत्रे या पाव टक्क्यात मावत नाहीत.

दर तिमाहीला तपासणी पथक येते. एका प्रकारची मान्य वाहने ९० टक्क्यांहून कमी चालू स्थितीत असली की भाडे कापले जाते. त्यामुळे तपासणीपूर्वीच्या आठवड्यात एका नादुरुस्त ट्रकचा भाग काढून दुसरा चालू करण्याची धडपड होते, जी नियमपुस्तकात कोठेही लिहिलेली नाही. २०१३ मध्ये आणखी एक पाऊल टाकण्यात आले. महत्त्वाची सामग्री सलग तपासण्यांत गैरहजर किंवा बंद आढळली, तर सामग्रीच्या भाड्याबरोबरच सैनिकांपोटी देशाला मिळणारी रक्कमही घटू लागली. पैसा देणाऱ्या देशांचा युक्तिवाद असा, की वाहनाविना गस्त होत नाही आणि गस्त न घालणाऱ्या सैनिकाचे पूर्ण पैसे का द्यावेत. सैनिक देणाऱ्या देशांचे म्हणणे असे, की बंदरात अडकलेल्या गिअरबॉक्सची शिक्षा माणसांच्या हिशेबात का यावी. दुसरा आक्षेप अधिक वजनदार होता आणि पुढे देशाच्या हाताबाहेरील विलंबाला सवलत मिळाली, यावरून ते दिसतेच. ती मिळवण्यासाठी विलंबाचा प्रत्येक दिवस नोंदवणारी वही मात्र पुन्हा पुरवठा अधिकाऱ्याकडेच आली.

मोहीम संपते तेव्हा हाच हिशेब उलट्या दिशेने चालतो. मोहिमेसाठी वाहनांना पांढरा रंग देण्याचा खर्च वेगळा मागता येतो, तसाच परतीपूर्वी तो बदलण्याचाही. वाहनांच्या चाकांतली परकी माती धुऊन काढावी लागते, कारण मायदेशातील विलगीकरणाचे नियम ती आत येऊ देत नाहीत. पण सामान परत नेणेच शक्य नसेल तर काय, याचे उदाहरण २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मालीच्या उत्तरेकडून माघार घेताना दिसले. माल नेण्यासाठीचे ट्रक पोहोचू न शकल्याने टेसालितच्या तळावर वाहने आणि जनित्रे यांसारखी सामग्री नष्ट करावी लागली. करारात याला शत्रूची कारवाई आणि सक्तीचा त्याग असे स्वतंत्र सदर आहे, आणि नुकसान कोणी किती सोसायचे हे त्याखाली ठरते. ते ठरवताना जळालेल्या वाहनाचा क्रमांक, छायाचित्र आणि शेवटची इंधननोंद विचारली जाते. म्हणून ताफा निघण्याच्या घाईतही कोणीतरी जनित्राच्या टाकीत पट्टी बुडवून किती लिटर उरले ते लिहून घेत असतो.