रविवारी राईड आहे की रॅली?

ग्रुपवर निरोप आला : ‘रविवारी पहाटे सहाला जुन्या जपानी गाड्यांची रॅली.’ शनिवारी रात्री अकरापर्यंत मी माझ्या यामाहा आरएक्स १०० मोटरसायकलचं क्रोम घासत बसलो, माळ्यावरचा मूळ सायलेन्सर काढून परत बसवला. सकाळी पोहोचलो तर मंडळी वाईला मिसळ खायला निघालेली. निरोप धाडणाऱ्याच्या लेखी चारपेक्षा जास्त गाड्या एकामागे एक निघाल्या की झाली रॅली. त्यात आपल्याकडे हा शब्द आधीच भलत्या कामाला जुंपलेला आहे. झेंडे लावलेल्या, हॉर्न दाबून धरलेल्या गाड्यांची निवडणुकीतली रॅली म्हणजे तिसराच प्रकार, तो इथे सोडून देऊ.

राईड म्हणजे गाडी चालवायला निघणं. पुढे रस्ता माहीत असलेला लीड, सगळ्यात मागे स्वीप. स्वीपच्या पिशवीत स्पार्क प्लग, प्लगपाना, क्लच केबल आणि टू-टी ऑइलची, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलसोबत जळणाऱ्या वंगणाची, बाटली. मधल्यांनी एक डावीकडे, त्यामागचा उजवीकडे असं चालायचं, म्हणजे पुढच्याने अचानक ब्रेक मारला तरी समोर जागा मोकळी राहते. (टू-स्ट्रोकच्या ताफ्यात याचा आणखी एक फायदा, पुढच्याचा धूर थेट तोंडावर येत नाही.) रॅलीत गाडी लोकांना दाखवायची असते. आयोजक, ठरलेला मार्ग, पोलिसांची परवानगी, पुढे चिकटवलेला क्रमांक, झेंडा दाखवून सुरुवात, शेवटी मैदानात गाड्या मांडून ठेवणं आणि बऱ्याचदा परीक्षक. मुंबईत हॉर्निमन सर्कलवरून निघणारी जुन्या मोटारींची रॅली ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको.

रॅली म्हणजे गाडीला आराम, असं पुष्कळांना वाटतं. टू-स्ट्रोकच्या बाबतीत नेमकं उलट आहे. शहरातून वीसच्या वेगाने मिरवणुकीसारखं जाताना हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला वारा मिळत नाही, आणि कमी आरपीएमवर न जळलेलं ऑइल प्लगवर साचतं. तासाभरात गाडी फटफट करायला लागते आणि बघ्यांच्या गर्दीत रस्त्याकडेला बसून प्लग घासायची वेळ येते. राजदूत ३५० या मोटरसायकलला दोन सिलिंडर, म्हणजे हा ताप दुप्पट. मोकळ्या हायवेवर तीच गाडी खूश असते.

राईडमधला धोका घाटात असतो, तोही चढताना नाही, उतरताना. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळत असाल तर थ्रॉटल (मुठीतला अ‍ॅक्सिलरेटर) बंद केल्यावर पेट्रोलसोबत ऑइलही बंद. पसरणी घाट खालच्या गियरवर, थ्रॉटल मिटून उतरलात तर चाकं इंजिनाला फिरवत राहतात आणि पिस्टनला वंगण जवळजवळ पोहोचत नाही. इंजिन सीज व्हायला, म्हणजे पिस्टन आत अडकून बसायला, एवढं पुरतं. म्हणून जुने जाणते अधूनमधून क्लच दाबून थ्रॉटलला हलका झटका देतात. टू-स्ट्रोकला इंजिन ब्रेकिंग (थ्रॉटल सोडल्यावर इंजिनानेच गाडी रोखणं) मुळातच बेताचं, त्यामुळे सगळा भार ब्रेकवर येतो.

आणि ब्रेक म्हटलं की राजदूत ३५० चा विषय निघतोच. यामाहाच्या आरडी ३५० वरून एस्कॉर्ट्सने १९८३ पासून इथे बनवलेली ही ३४७ सीसीची गाडी. जपानी आरडीला पुढे डिस्क होती, आपल्या वाट्याला ड्रम आला. पळायला वाघ, थांबायच्या नावाने बोंब! कित्येकांनी पुढे डिस्क बसवून घेतली. राईडला निघताना अशा माणसाला मी शहाणा म्हणेन. रॅलीत मात्र परीक्षक खाली वाकून चाक बघतो आणि गुण कापतो. त्याचंही चुकत नाही, मूळ गाडी कशी होती ते जपायलाच तो तिथे असतो. दोन्हीकडे एकच गाडी न्यायची तर जुना ड्रम फेकू नका, एवढंच सांगेन.

कायद्यालाही हा फरक कळतो, हे फार जणांच्या गावी नसतं. २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली आणि मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी तिला पात्र. नंबरप्लेटवर राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांनी नूतनीकरणाला ५,०००. अशी गाडी रस्त्यावर आणायची ती प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, व्हिंटेज रॅली, इंधन भरणं आणि देखभाल यांसाठीच. मिसळ या यादीत नाही. कोणाकडे १९७० च्या आसपासची होंडा सीबी ७५० व्हीए प्लेटवर असेल, तर तिला रॅलीची मुभा आहे, रविवारच्या राईडची नाही.

आपल्या बहुतेक गाड्यांना मात्र ‘व्हिंटेज’ हा शब्द निव्वळ प्रेमापोटी लागतो. अमेरिकेत १९७७ साली निघालेल्या व्हिंटेज जॅपनीज मोटरसायकल क्लबला २० वर्षं झालेली गाडी चालते. आपल्या नियमाने पहिल्या राजदूत ३५० ला २०३३ पर्यंत थांबावं लागेल. माझी आरएक्स १९९१ ची, म्हणजे २०४१. तोवर आरटीओत दर पाच वर्षांनी नेहमीची पुनर्नोंदणी करायची आणि वाईला जायचं. त्या रविवारी मूळ सायलेन्सर घालूनच गेलो होतो. हॉटेलवाल्याने विचारलं, ‘आज गाडीचा आवाज का येत नाही?’