शिकाऊ उमेदवारी (भारत)

शिकाऊ उमेदवारी म्हणजे कारखान्यात, कार्यशाळेत किंवा कार्यालयात प्रत्यक्ष काम करत, कराराने आणि ठरलेल्या मुदतीत एखादा व्यवसाय शिकण्याची पद्धत. या काळात उमेदवाराला दरमहा विद्यावेतन मिळते. मुदत संपल्यावर परीक्षा होते आणि ती उत्तीर्ण झाल्यास राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळते. भारतात ही व्यवस्था ‘शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१’ या केंद्रीय कायद्याने चालते. बोलताना सगळेच ‘अप्रेंटिस’ म्हणतात. ‘आयटीआय झाली, आता रेल्वेत अप्रेंटिस लागलाय’ हे वाक्य भुसावळ, सोलापूर, परळकडच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येत आले आहे.

पूर्वपीठिका. सुतार, लोहार, सोनार, तांबट यांच्याकडे हुन्नर घरातच शिकला जाई. मुलगा बापाच्या किंवा काकाच्या हाताखाली बसे, आधी भाता ओढे आणि मग हातोडा धरे. मुंबईच्या गिरण्यांतही नवखा मुलगा गाववाल्याच्या किंवा नातेवाइकाच्या ओळखीने खात्यात शिरे आणि त्याच्या शेजारी उभा राहून साचा (गिरणीतले यंत्र) चालवायला शिके. अशा शिक्षणाची नोंद कुठे होत नसे. कंपनी सरकारने १८५० मध्ये एक कायदा केला होता. अनाथ आणि गरीब मुलांना कराराने धंदा शिकायला लावणे एवढाच त्याचा हेतू होता. आधुनिक अर्थाने पाया घातला तो रेल्वेने. जमालपूरची कार्यशाळा १८६२ मध्ये सुरू झाली आणि इंजिने दुरुस्त करणारे हात तयार करण्याची गरज तेव्हापासून भासू लागली. मुंबईत १८८७ मध्ये व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट (आजची व्हीजेटीआय) उभी राहिली, त्यामागे गिरणी उद्योगाचीच निकड होती.

स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना आली आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचे, म्हणजे आयटीआयचे, जाळे विणले गेले. १९५६ मध्ये राष्ट्रीय व्यवसाय प्रशिक्षण परिषद स्थापन झाली. मात्र संस्थेतल्या लेथवर शिकलेला मुलगा कारखान्यात उभा राहिला की त्याला वेग, सूक्ष्म मापे आणि पाळीची शिस्त पुन्हा शिकावी लागते. ही दरी भरण्यासाठी १९६१ चा कायदा झाला आणि १ मार्च १९६२ पासून तो लागू झाला. सुरुवातीला त्यात फक्त कारागिरीचे व्यवसाय होते. १९७३ च्या दुरुस्तीने पदवी व पदविकाधारक अभियंते त्यात आले, तर १९८६ च्या दुरुस्तीने बारावीपर्यंतचा व्यावसायिक अभ्यासक्रम केलेली मुले आली.

उमेदवारी कशी चालते. दहावीनंतर आयटीआयमध्ये जोडारी (फिटर), कातारी (टर्नर), संधाता (वेल्डर), वीजतंत्री किंवा यंत्र कारागीर असा एखादा ट्रेड पुरा करायचा आणि मग साधारण वर्षभर एखाद्या आस्थापनेत उमेदवारी करायची, हा रुळलेला मार्ग. आयटीआय न करता थेट येणाऱ्याला आधी मूलभूत प्रशिक्षण घ्यावे लागते आणि त्याची मुदत लांबते. किमान वय १४ वर्षे असून धोकादायक उद्योगांत ते १८ आहे. आस्थापना आणि उमेदवार यांच्यात लेखी करार होतो. उमेदवार अल्पवयीन असेल तर पालक सही करतो. हा करार शिकाऊ उमेदवारी सल्लागाराकडे, म्हणजे या कायद्याखाली नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे, नोंदवला जातो. आता ते काम सरकारी संकेतस्थळावर होते. प्रशिक्षणासाठी पात्र व्यक्ती नेमणे आणि उमेदवाराच्या प्रगतीची नोंद ठेवणे मालकावर बंधनकारक आहे. अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गीयांसाठी जागा राखीव असतात.

कारखान्यातले शिक्षण पुस्तकात मावत नाही, म्हणूनच ही पद्धत टिकली आहे. व्हर्नियरवर (सूक्ष्म माप घेण्याच्या साधनावर) माप घेणे वर्गातही शिकता येते. पण जॉब (घडवायचा तुकडा) चकमध्ये, म्हणजे लेथच्या पकडीत, बांधताना हाताला लागणारा ताण, टूल बोथट होत आल्याचा आवाज, वेल्डिंगच्या वितळत्या धातूवरची नजर या गोष्टी जुन्या कारागिराच्या बाजूला उभे राहूनच येतात. चांगल्या टूलरूममध्ये नवीन मुलाला आठवडेच्या आठवडे नुसते फाइलिंग (कानशीने घासणे) करायला लावतात. बाहेरून ते कंटाळवाणे दिसते, पण हात तिथेच बसतो. माझगाव डॉक, मुंबईचा नौदल गोदी कारखाना, खडकी-अंबरनाथ-वरणगावचे आयुध निर्माणी कारखाने, वास्कोची गोवा शिपयार्ड यांनी असे हात वर्षानुवर्षे घडवले. एसटी महामंडळाच्या कार्यशाळा आणि वीज कंपन्या हीही महाराष्ट्रातली उमेदवारीची मोठी ठिकाणे आहेत.

कामगार की प्रशिक्षणार्थी? या कायद्यातला सर्वांत वादाचा भाग म्हणजे कलम १८. शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नव्हे, असे ते सांगते. त्यामुळे कामगार कायदे त्याला लागू होत नाहीत. भविष्य निर्वाह निधी नाही, कर्मचारी राज्य विमा नाही, आणि मिळते ते वेतन नसून विद्यावेतन. कारखान्यातील आरोग्य व सुरक्षेच्या तरतुदी मात्र त्यालाही लागू आहेत आणि काम करताना इजा झाल्यास भरपाईचा हक्क आहे. या कलमामागचा हेतू योग्य आहे, कारण शिकणाऱ्यावर उत्पादनाचा भार पडू नये. पण जिथे शिकवणेच होत नाही तिथे हेच कलम मालकाला स्वस्त मनुष्यबळ मिळवून देते. वर्षभर एकाच मशीनवर एकच जॉब काढणारा मुलगा प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडतो आणि दुसऱ्या कारखान्यात त्याला ड्रॉइंग वाचता येत नाही. हा त्या मुलाचा दोष नाही. करारात लिहिलेला अभ्यासक्रम त्याला मिळालेला नसतो, आणि तो मिळतो की नाही हे पाहणारी यंत्रणा अपुरी आहे.

दुसरा प्रश्न नोकरीचा. कलम २२ नुसार उमेदवाराला कामावर घेण्याचे बंधन मालकावर नाही. २०१४ च्या दुरुस्तीने एवढेच म्हटले की प्रत्येक मालकाने भरतीचे स्वतःचे धोरण ठरवावे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये उत्तर प्रदेश राज्य परिवहन महामंडळाच्या खटल्यात सांगितले की इतर बाबी समान असतील तर थेट भरतीच्या उमेदवारापेक्षा प्रशिक्षित अप्रेंटिसला प्राधान्य द्यावे. हा निकाल पुढे अनेक खटल्यांत पुढे केला गेला, पण प्राधान्य म्हणजे नोकरीची हमी नव्हे. २० मार्च २०१८ रोजी सकाळी रेल्वेच्या शेकडो अप्रेंटिसनी दादर-माटुंग्यादरम्यान रुळांवर बसून मध्य रेल्वे रोखली, ती नोकरीच्याच मागणीसाठी. रेल्वेच्या खालच्या श्रेणीतील भरतीत अप्रेंटिससाठी २० टक्के जागा तेव्हाही राखीव होत्या. आंदोलकांना सरसकट सामावून घेणे हवे होते.

२०१४ नंतरचे बदल. त्या सुमारास देशात उमेदवारीच्या जवळपास ४.९ लाख जागा होत्या आणि भरलेल्या होत्या २.८ लाखांच्या आसपास. उद्योगांचे म्हणणे असे की कायद्यात तुरुंगवासाची तरतूद आहे आणि कागदपत्रे फार आहेत. दुरुस्तीने तुरुंगवास काढून दंड ठेवला. सरकारने ठरवलेल्या ट्रेडबरोबर उद्योगांना स्वतः आखता येतील असे ‘ऐच्छिक’ व्यवसाय आले. त्यामुळे किरकोळ विक्री, बँका, हॉटेले, रसद व्यवस्था (लॉजिस्टिक्स) यांतही उमेदवारी सुरू झाली. एकूण मनुष्यबळाच्या प्रमाणात उमेदवार घेण्याचा नियम झाला आणि त्यात कंत्राटी कामगारही मोजले जाऊ लागले. २०१९ च्या नियमांनी हे प्रमाण २.५ ते १५ टक्के केले. ३० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना ते बंधनकारक असून चार कर्मचाऱ्यांपासून ऐच्छिक आहे.

याच नियमांनी किमान विद्यावेतन नववीपर्यंत शिकलेल्याला ५,००० रुपये, दहावी उत्तीर्णाला ६,०००, आयटीआय झालेल्याला ७,०००, पदविकाधारकाला ८,००० आणि पदवीधराला ९,००० रुपये ठरवले. मे २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने यात ३६ टक्के वाढीची शिफारस केली. वाढ गरजेचीच होती. चाकण किंवा रांजणगावला खोली भाड्याने घेऊन राहणाऱ्या, मराठवाड्यातून आलेल्या मुलाला सात हजारांत महिना काढणे कठीण जाते आणि घरून पैसे मागवावे लागतात. अशाने गरिबातला गरीब मुलगाच या वाटेवरून मागे फिरतो.

राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना २०१६ पासून चालू असून केंद्र सरकार विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, कमाल १,५०० रुपये, उचलते. पदवी-पदविकाधारकांसाठीची योजना शिक्षण मंत्रालयाकडे आहे आणि ती चालवणारे पश्चिम विभागाचे मंडळ मुंबईत आहे. महाराष्ट्राने २०२४ मध्ये आणलेली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना वेगळी समजली पाहिजे. तिच्यातही आस्थापनेत काम करून विद्यावेतन मिळते, पण ती १९६१ च्या कायद्याखालची उमेदवारी नव्हे.

प्रमाणपत्राचे मोल. राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा २०१३ मध्ये अधिसूचित झाला. प्रत्येक कौशल्याला स्तर देऊन शालेय व उच्च शिक्षणाशी त्याची सांगड घालणे हा त्याचा उद्देश. नियामक म्हणून २०१८ मध्ये राष्ट्रीय व्यावसायिक शिक्षण व प्रशिक्षण परिषद आली. कागदावर आता वेल्डरला पदवीपर्यंत जाता येते. प्रत्यक्षात सरकारी भरतीत या प्रमाणपत्राला किंमत आहे, तर खासगी कारखान्यात सुपरवायझर आजही हातात वेल्डिंगचा टॉर्च देऊन ‘एक बीड (वेल्डिंगची रेघ) मारून दाखव’ म्हणतो.

देशातले बहुसंख्य कारागीर मात्र या चौकटीबाहेर शिकतात. गॅरेजमध्ये उस्तादाच्या हाताखाली पाने उचलून देणारा पोऱ्या चार-पाच वर्षांत इंजिन उतरवतो, पण त्याचा करार होत नाही आणि परीक्षाही होत नाही. अशांसाठी पूर्वशिक्षणाला मान्यता देण्याची सोय २०१५ पासून प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आहे. तिच्यात चाचणी घेऊन, थोडे पूरक प्रशिक्षण देऊन प्रमाणपत्र दिले जाते. मुलींचे प्रमाण यांत्रिक ट्रेडमध्ये अजून फार कमी आहे. वसतिगृह, पाळीच्या वेळा आणि कार्यशाळेतली स्वच्छतागृहे या साध्या बाबींवर अनेकींची उमेदवारी अडते.