भूकंप, ज्वालामुखी आणि मीटरभर पाणी

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात जमीन सारखी हादरू लागली. धुंदलवाडीकडची माणसं थंडीत घराबाहेर झोपत होती, तेव्हा इकडे कळव्यात आमच्या इमारतीच्या जिन्यात एकच प्रश्न फिरत होता: "तिकडे ज्वालामुखी तर वर येत नाही ना?" विचारणाऱ्यांना हसण्यात अर्थ नव्हता. २०१४ पर्यंत तो भाग आमच्याच जिल्ह्यातला. अकलोलीच्या कुंडात पाय सोडला की चटका बसतो, आणि पायाखालचा काळा खडक लाव्ह्याचा आहे हे शाळेतच शिकवलेलं असतं. एवढ्यावर तर्क बांधायला कितीसा वेळ लागतो!

असा तर्क थोरामोठ्यांनीही बांधला होता. २० फेब्रुवारी १८३५ रोजी चिलीतलं कन्सेप्सियन शहर भूकंपाने उद्ध्वस्त झालं, तेव्हा चार्ल्स डार्विन बराच दक्षिणेला, वाल्दिव्हियाजवळच्या रानात आडवा पडून विश्रांती घेत होता. महिनाभर आधीच त्याने ओसोर्नो ज्वालामुखी रात्रीच्या अंधारात पेटलेला पाहिला होता. भूकंपानंतर आणखी काही डोंगर धुमसू लागल्याच्या बातम्या त्याने गोळा केल्या आणि १८३८ मध्ये लंडनच्या भूशास्त्रीय संस्थेपुढे निबंध वाचला. पृथ्वीच्या कवचाखाली वितळलेल्या खडकाचं एक अफाट तळं आहे आणि दोन्ही उत्पात त्यातूनच उठतात, असं त्याचं म्हणणं. ते तळं पुढे कुणाला सापडलं नाही. पण त्याच चिलीत २२ मे १९६० ला ९.५ तीव्रतेचा, आजवर मोजलेला सर्वांत मोठा भूकंप झाला आणि जेमतेम ३८ तासांनी कोर्दोन काउये हा ज्वालामुखी फुटला.

जपानचा दाखला याहून जुना. २८ ऑक्टोबर १७०७ ला मोठा भूकंप झाला आणि ४९ दिवसांनी, १६ डिसेंबरला, फुजी फुटला. राख पार एदोवर, म्हणजे आजच्या टोकियोवर पडली. तेव्हापासून फुजी गप्प आहे. मार्च २०११ मध्ये तोहोकूला ९ तीव्रतेचा भूकंप झाला, चारच दिवसांनी थेट फुजीच्या पायथ्याशी ६ च्या आसपासचा धक्का बसला, सगळे डोळे लावून बसले, आणि काहीही झालं नाही. १७०७ मध्ये तो का फुटला यापेक्षा २०११ मध्ये का फुटला नाही, हा प्रश्न मला जास्त मोलाचा वाटतो.

उत्तर ताणाच्या हिशेबात आहे. खडक सरकला की साठलेला ताण बराचसा मोकळा होतो, पण काही भाग शेजारी जाऊन बसतो. ठाणे स्टेशनात गाडीतून लोंढा उतरला की फलाट थोड्या वेळात रिकामा होतो, पण तेवढीच माणसं पुलावर चढलेली असतात. पूल आधीच भरलेला असेल तर तिथे कोंडी. १९९० च्या दशकात हा हिशेब संगणकावर मांडता येऊ लागला आणि लक्षात आलं की ०.१ बार इतका फरकही शेजारच्या भेगेला पुरतो. ०.१ बार म्हणजे गच्चीवरच्या टाकीत मीटरभर पाणी असेल तर तळाला जेवढा दाब बसतो तेवढा! ज्वालामुखीखाली वितळलेला खडक, म्हणजे शिलारस, जिथे साठतो त्या कोठीवर हा ताण दोन प्रकारे काम करतो. कोठी चेपली गेली तर रस वर ढकलला जातो. सैलावली तर वाट उघडते, दाब उतरतो आणि रसात विरघळलेल्या वायूचे बुडबुडे सुटू लागतात.

खडक सरकल्यावर शेजारी जाऊन बसणारा हा स्थिर ताण अंतरागणिक झपाट्याने विरतो. म्हणून २८ जून १९९२ ला कॅलिफोर्नियातल्या लँडर्सच्या भूकंपाने कोडं घातलं: बाराशे किलोमीटरवरच्या यलोस्टोन या ज्वालामुखी प्रदेशातही जमीन थरथरू लागली. एवढ्या लांब स्थिर ताण पोचत नाही, भूकंपाच्या लाटा पोचतात. त्या जाता जाता भेगांतलं पाणी आणि वायू ढवळतात.

आता आकडेवारी. १९९८ मध्ये दोन संशोधकांनी जुन्या नोंदी चाळून दाखवलं की ८ हून मोठ्या भूकंपानंतर एकदोन दिवसांत, ७५० किलोमीटरच्या आत, उद्रेक नेहमीपेक्षा जास्त होतात. २०१८ मध्ये नव्या, विश्वासार्ह नोंदींवर तीच तपासणी झाली, तेव्हा ही दिवसांतली वाढ टिकली नाही. दोन महिने ते दोन वर्षांत मात्र स्फोटक उद्रेक ५ ते १२ टक्क्यांनी वाढलेले दिसले. जुन्या काळी भूकंपानंतर लोक डोंगराकडे निरखून बघत आणि धूर दिसला की लिहून ठेवत, हेही त्या फरकात असावं असं मला वाटतं. आपल्याकडचं अंदमानातलं बॅरन हे ज्वालामुखी बेट मे २००५ मध्ये, सुमात्राच्या भूकंपानंतर पाच महिन्यांनी फुटलं; पण ते १९९१ आणि १९९४ मध्येही फुटलं होतं, मग श्रेय कुणाला द्यायचं?

उलट दिशेचं प्रकरण मात्र सरळ आहे. शिलारस वर चढताना खडक फाडतो, म्हणून जमीन हलते. १२ जानेवारी १९१४ ला जपानमधला साकुराजिमा ज्वालामुखी फुटला आणि त्याच संध्याकाळी ७ च्या आसपासचा भूकंप झाला.

म्हणजे भूकंपाला फक्त कळ दाबता येते, आणि तीही कोठी तयार असेल तर. फुजीची २०११ मध्ये तयार नसावी. अकलोलीच्या खाली कोठीच नाही: पावसाचं पाणी भेगांतून खोल मुरतं, तिथल्या उष्णतेने तापतं आणि वर येतं. पारसिकच्या डोंगरातल्या खडीचा एक तुकडा माझ्या खिडकीत आहे. त्यात ज्वारीच्या दाण्याएवढी भोकं आहेत, काही झिओलाइट या पांढऱ्या खनिजाने बुजलेली. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजताना त्यात अडकलेले हे वायूचे बुडबुडे.