जिवाणू गिळून गप्प बसणाऱ्या पेशी

आतड्याचं आतलं अस्तर जेमतेम एका पेशीइतकं जाड असतं. त्याच्या एका बाजूला असंख्य जिवाणू, दुसऱ्या बाजूला शरीरातल्या रोगप्रतिकारक पेशींचा सर्वांत मोठा तळ. मध्ये ही एकपदरी भिंत आणि तिच्यावर श्लेष्म्याचा बुळबुळीत लेप. इतक्या जवळ राहूनही रोज लढाई पेटत नाही, याचं मला फार नवल वाटतं.

क्रोन्स डिसीज आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस या आतड्याच्या आजारांत ती पेटते आणि विझता विझत नाही. दोघांना मिळून आयबीडी म्हणतात. (आयबीएस, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, वेगळा. त्यातला त्रास खरा असतो, पण आतड्याला जखमा होत नाहीत.)

ही शांतता टिकवतं कोण? मुख्यतः मॅक्रोफेज, म्हणजे जिवाणू गिळणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी. रक्तातून मोनोसाइट नावाच्या कोवळ्या पेशी आतड्यात येतात आणि तिथे मुरून मॅक्रोफेज होतात. शरीरात इतरत्र मॅक्रोफेजने जिवाणू गिळला की ती टीएनएफसारखी रसायनं सोडून कुमक बोलावते. आतड्यात मुरलेली मॅक्रोफेज मात्र अस्तराला लागूनच दबा धरून असते. भिंतीतून निसटलेला जिवाणू गिळते, पचवते आणि गप्प बसते. आरडाओरडा नाही, सूज नाही.

हे गप्प बसणं तिला शिकवावं लागतं. त्यातला एक मोठा शिक्षक म्हणजे इंटरल्युकिन-10 हे रसायन. नियामक टी पेशी, म्हणजे इतर रोगप्रतिकारक पेशींना आवर घालणाऱ्या पेशी, ते तयार करतात. 1993 मध्ये त्याचं जनुक काढून टाकलेल्या उंदरांची आतडी सुजलेली आढळली. पुढे असेच उंदीर पूर्ण जिवाणूमुक्त वातावरणात वाढवले, तेव्हा दाह झालाच नाही. आणि 2009 मध्ये हे रसायन ओळखणारा पेशीवरचा रिसेप्टरच बिघडलेला असलेली काही मुलं सापडली. अगदी तान्ह्या वयात त्यांना भयंकर कोलायटिस झाला होता. त्यांतल्या एका मुलाला दुसऱ्याचा बोन मॅरो दिला आणि आजार शमला. आतडं तेच, पण रक्तपेशी नव्या. आणि या नव्या पेशींना ‘शांत राहा’ हा निरोप ऐकू येत होता! म्हणूनच आयबीडीच्या रुग्णाला कुणी ‘प्रतिकारशक्ती वाढव’ असं सांगितलं की मला कळवळून वाटतं, अहो, अडचण ताकदीची नाहीच, लगामाची आहे.

बहुतेक रुग्णांत मात्र असं एकच जनुक दोषी नसतं. दोनशेहून अधिक जागी थोडाथोडा धोका विखुरलेला असतो, आणि त्यात बाहेरच्या कारणांची भर पडते.

आजार उसळतो तेव्हा मोनोसाइट लोंढ्याने येतात, पण मुरायला त्यांना उसंतच मिळत नाही. त्या टीएनएफ आणि इंटरल्युकिन-23 सोडतात, त्याने टी पेशी चेवतात, आणि मागोमाग न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी धावून येतात. मायक्रोस्कोपखाली पाहिलं तर अस्तरातल्या नळीसारख्या खळग्यांत न्यूट्रोफिल दाटीवाटीने घुसलेले दिसतात. तिथे पू साचतो. शौचाच्या तपासणीत डॉक्टर ज्याचं प्रमाण पाहतात, ते कॅलप्रोटेक्टिन मुख्यतः याच न्यूट्रोफिलमधलं प्रथिन. आतड्यात दुर्बीण न घालताही आतल्या आगीचा अंदाज त्यावरून येतो.

उपचारही याच साखळीवर घाव घालतात. 1998 मध्ये अमेरिकेत क्रोन्ससाठी मंजूर झालेलं इन्फ्लिक्सिमॅब टीएनएफला पकडून ठेवतं. 2014 मध्ये आलेलं वेडोलिझुमॅब टी पेशींना रक्तवाहिनीतून आतड्यात उतरूच देत नाही.

पण या पेशींचा स्वभाव एकरंगी नाही. दाह भडकवणारं म्हणून बदनाम असलेलं इंटरल्युकिन-17 रोखून क्रोन्स आटोक्यात येईल, अशी मोठी आशा होती. 2012 मध्ये सेक्युकिनुमॅबच्या चाचणीचा निकाल आला. औषधाचा उपयोग तर झाला नाहीच, उलट काही रुग्णांचा त्रास वाढला. तेच इंटरल्युकिन-17 आतड्याची भिंत धडधाकट ठेवायलाही मदत करत असतं. आज हे औषध सोरायसिस या त्वचारोगावर गुणकारी आहे. मात्र ते सुरू करण्याआधी आतड्याचा असा आजार आहे का, हे रुग्णाला विचारून घ्यावं लागतं.