टिनटाइपचा उलटा चेहरा सरळ करायचा का?

सध्या नागपुरात प्री-वेडिंगवाल्यांपासून कॉलेजच्या पोट्ट्यांपर्यंत सगळ्यांनाच फोटोला जुना लूक पाहिजे असतो, तपकिरी रंग, कडेला डाग, गंभीर चेहरा. हा लूक ज्याच्यावरून उचललाय तो टिनटाइप म्हणजे काळं वार्निश दिलेल्या पातळ लोखंडी पत्र्यावर थेट काढलेला फोटो. काचेवर कोलोडियन नावाचा चिकट द्रव पसरून तो ओला असतानाच फोटो काढायची पद्धत १८५१ मध्ये इंग्लंडात आली, १८५३ मध्ये एका फ्रेंच माणसानं ती पत्र्यावर करून दाखवली, १८५६ ला अमेरिकेत पेटंट झालं आणि तिथल्या यादवी युद्धात सैनिकांनी असे ढीगभर फोटो काढून घेतले, कारण काच फुटते पण पत्रा पोस्टानं घरी पाठवता येतो.

आपल्याकडे हे प्रकरण फारसं रुजलं नाही. इथे काचेच्या निगेटिव्हवरून कागदावर हव्या तेवढ्या कॉप्या काढायची पद्धत चालली, टिनटाइपची मात्र एकच प्रत निघते. शिवाय कोलोडियनमध्ये इथर असतं, ते ३५ अंशाच्या आसपासच उकळतं, आणि पत्रा ओला आहे तोवरच फोटो काढून डेव्हलपही करावा लागतो, म्हणजे आपल्या मे महिन्यात ४५ डिग्रीला हे काम किती अवघड ते नागपूरकराला सांगायला नको.

आता खरा वाद. टिनटाइपमध्ये निगेटिव्ह नसतं, पत्र्यावर पडतं तेच चित्र, त्यामुळे माणूस आरशासारखा उलटा दिसतो. अमेरिकेतल्या एका कुप्रसिद्ध बंदूकबाजाचा असाच एक टिनटाइप आहे, २०११ मध्ये तो २३ लाख डॉलरला विकला गेला. त्यात पिस्तूल डाव्या बाजूला दिसतं म्हणून कित्येक वर्षं लोक त्याला डावखुरा समजत होते, नंतर हातातल्या रायफलची गोळ्या भरायची खाच चुकीच्या बाजूला आहे हे ध्यानात आलं आणि तो बिचारा उजखुरा ठरला. मग स्कॅन करताना असे फोटो फिरवायचे का? अभ्यासाला फिरवलेली कॉपी वेगळी ठेवा, पण मूळ म्हणून दाखवताना अजिबात फिरवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्या माणसानं स्वतःला आरशात असंच पाहिलं होतं, फोटो हातात आल्यावर त्याला तोच ओळखीचा चेहरा दिसला, आणि तो पत्रा खरोखर त्याच्यासमोर कॅमेऱ्यात होता. टिनटाइपची सगळी ओढ तिथेच आहे.

घरातल्या जुन्या फोटोंचं गणित मात्र वेगळं. आपल्याकडे उलटा फोटो सापडला तर तो बहुतेक वेळा निगेटिव्ह उलटं ठेवून प्रिंट काढल्यामुळे झालेला असतो, ती सरळसरळ चूक आहे, ती दुरुस्तच करावी. फक्त पदर बघून ठरवू नका. मराठी बाईचा पदर डाव्या खांद्यावर, पण नागपूरच्या इतवारीत कितीतरी मारवाडी-गुजराती घरं आहेत, तिथे सीधा पल्ला उजव्या खांद्यावरून पुढे येतो, तो फोटो सरळच असतो आणि रिस्टोअर करणारा हुशारीनं उलटा करून ठेवतो. शर्टाचा खिसा बघा, नथ बघा, मागे पाटी असेल तर अक्षरं बघा.

पन्नास ते सत्तरच्या दशकातले स्टुडिओ फोटो हा आपला खरा ठेवा. रंगवलेला पडदा, प्लास्टरचा खांब, उंच स्टुलावरची फुलदाणी, आणि नवरीकडे पाठवायच्या फोटोत पेन्सिलनं निगेटिव्हवरच पुसलेले मुरूम. कोलोडियनला लाल रंग दिसतच नाही, कुंकू काळं येतं, पुढच्या फिल्मला लाल दिसायला लागला तरी कुंकू करडंच राहायचं, म्हणून रंगारी बारीक ब्रशनं ते लाल करायचा. बऱ्याच फोटोंत ते कपाळावर जरा तिरकं बसलेलं असतं आणि गालावरची गुलाबी छटा कानापर्यंत गेलेली असते.

आता मोबाइलवर एआय एका मिनिटात सगळं रंगवतं, पण साडीचा रंग ते अंदाजानं टाकतं आणि ब्रशचं कुंकू डाग समजून पुसूनही टाकू शकतं. त्यामुळे आधी जसा आहे तसा स्कॅन करा, मागची बाजू पण, कारण स्टुडिओचा शिक्का आणि आजोबांनी लिहिलेली तारीख तिकडेच असते.