करवत पुढून कापते, मागून फेकते

टेबल सॉवर, म्हणजे टेबलात बसवलेल्या गोल पात्याच्या करवतीवर, काम करताना नजर पात्याच्या पुढच्या दातांवर खिळलेली असते. साहजिक आहे. लाकूड तिथं कापलं जातं, भुसा तिथून उडतो, बोटंही तिकडेच सरकत असतात. पण ज्याला किकबॅक म्हणतात, म्हणजे लाकूड उसळून अंगावर येणं, ते पात्याच्या मागच्या बाजूमुळे होतं. घरच्या वर्कशॉपमध्ये ही एक गोष्ट नीट समजली, तर सुरक्षिततेचे बरेचसे नियम पाठ करावे लागत नाहीत, ते आपोआप सुचतात.

टेबलाच्या खाचेतून अर्धवट वर आलेलं गोल पातं डोळ्यांसमोर आणा. आपल्याकडच्या बाजूचे दाते वरून खाली येतात. ते लाकडाला टेबलावर दाबत कापतात, म्हणून कापताना फळी शांत असते. तेच दाते टेबलाखालून वळसा घालून मागच्या बाजूने वर चढतात आणि पात्याच्या माथ्यावरून थेट आपल्या दिशेने येतात. फळी मागच्या दातांना लागली, की ते तिला आधी उचलतात आणि मग आपल्याकडे भिरकावतात.

किती जोरात, याचा हिशोब सोपा आहे. १० इंची पात्याचा परीघ सुमारे ०.८ मीटर. ते मिनिटाला ४,००० फेरे घेत असेल, तर दाताचा वेग सेकंदाला ५३ मीटर, म्हणजे ताशी १९० किलोमीटर होतो. धोका दिसल्यापासून हात हलायला माणसाला साधारण ०.२ सेकंद लागतात. तेवढ्यात एक दात १० मीटरहून जास्त अंतर कापून गेलेला असतो. त्यामुळे ‘काही झालं तर पटकन हात मागे घेईन’ हा भरवसा फोल आहे. जे काय करायचं ते स्विच दाबण्याआधी.

आता लाकूड मागच्या दातांना लागतं कशामुळे? एक कारण लाकडाच्या पोटात असतं. कललेलं झाड वाढताना एका बाजूला वेगळ्याच ताणाचं लाकूड तयार करतं. शिवाय फळी सुकताना बाहेरचे थर आधी सुकतात आणि आतले मागाहून आकसतात, त्यामुळे थरांमध्ये ओढाताण राहून जाते. अखंड फळीत हे ताण एकमेकांना तोलून धरतात. फळी उभी चिरली की तो तोल मोडतो. कधी दोन्ही भाग बाहेर फाकतात, कधी आत मिटतात. आत मिटले की पातं फटीत आवळलं जातं, आणि आवळतात ते नेमके मागचे दाते. वरून अगदी सरळ, गुळगुळीत दिसणारी फळीसुद्धा असा दगा देते.

दुसरं कारण आपल्या हातातलं. फेन्स, म्हणजे ज्या पट्टीला फळी टेकवून पुढे सरकवतो ती, पात्याला समांतर नसेल आणि मागच्या टोकाला किंचित आत झुकलेली असेल, तर फळी आपसूकच मागच्या दातांवर ढकलली जाते. प्लायवुडमध्ये आतले ताण कमी असतात, म्हणून लोक निर्धास्त होतात. पण प्लायचा आखूड, चौकोनी तुकडा फेन्सला पुरेसा टेकत नाही. तो जरासा फिरतो, त्याचा कोपरा मागच्या दाताला लागतो आणि अख्खा तुकडा गरगरत वर येतो. वाईट भाग याच्या पुढचा. हात त्या तुकड्याला जोर लावून दाबत असतो, तुकडा खालून निसटतो आणि हात त्याच जोराने पात्यावर जातो.

यावरचा उपाय म्हणजे रायव्हिंग नाईफ, पात्याच्या लगेच मागे उभी असलेली पोलादी पट्टी. तिची जाडी पात्याच्या तबकडीपेक्षा जास्त आणि दातांनी पाडलेल्या फटीपेक्षा कमी असते. त्यामुळे ती फटीत सहज शिरते, फट मिटू देत नाही आणि लाकडाला मागच्या दातांपर्यंत पोहोचूही देत नाही. पातं वरखाली केलं की तीही सोबत वरखाली होते. माथा पात्याहून किंचित खाली असल्यामुळे आरपार न जाणारी खाच पाडतानाही ती काढावी लागत नाही. ‘मधे येते’ म्हणून ती काढून कपाटात टाकणाऱ्यांचं मला नवल वाटतं. पातळ पातं बसवलं तर मात्र जाडी जुळते का, हे तपासायला हवं.

बाकीचं मग ओघानेच येतं. पात्याच्या रेषेत उभं राहायचं नाही, बाजूला राहायचं. अरुंद पट्टी पुश स्टिकने, म्हणजे ढकलायच्या काठीने, सरकवायची. फेन्सचा किंवा मायटर गेजचा (टेबलाच्या खोबणीत सरकणाऱ्या, कोन लावता येणाऱ्या पट्टीचा) आधार न घेता नुसत्या हाताने फळी ढकलायची नाही. आडवा छेद घेताना तुकड्याचं टोक फेन्सला टेकवायचं नाही, कारण सुटलेला तुकडा पातं आणि फेन्सच्या मधे तिरका अडकतो.

हातात धरायच्या सर्क्युलर सॉमध्ये सगळं उलटं. तिथं पुढचे दाते खालून वर येतात, आणि पातं आवळलं तर लाकडाऐवजी करवतच आपल्याकडे उसळते. फळी दोन टोकांना टेकवून मधोमध कापली, की ती वाकून फट मिटते. म्हणून राहणारा भाग नीट टेकवायचा आणि कापला जाणारा भाग मोकळा खाली पडू द्यायचा.

१९९९ मध्ये स्टीव्ह गॅस या अमेरिकी संशोधकाने वेगळाच मार्ग काढला. भौतिकशास्त्र शिकलेला हा पेटंट वकील. त्याच्या ‘सॉ-स्टॉप’ यंत्रात पात्यावर सूक्ष्म विद्युत संकेत सोडलेला असतो. शरीर वीज वाहून नेतं, कोरडं लाकूड जवळजवळ नाही. बोट लागताच संकेत घसरतो, स्प्रिंग ॲल्युमिनियमचा ठोकळा दातांमध्ये खुपसते आणि पातं सुमारे ५ मिलिसेकंदांत थांबतं, म्हणजे जेमतेम तिसरा हिस्सा फेरा. बोटाऐवजी हॉट डॉगवर (सॉसेजवर) प्रात्यक्षिकं करणाऱ्या गॅसने स्वतःचं बोटही लावून दाखवलं. ओल्या लाकडाने हा ब्रेक उगाच सुटू शकतो. आणि किकबॅक तो रोखत नाही. उडालेल्या फळीला या ब्रेकशी काही देणंघेणं नसतं.

हातमोजे घालू नयेत, दात कापड पकडून हात ओढून नेतात. सैल बाहीचंही तेच. लाकडाचा भुसा १९९५ पासून आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग होतो हे ठरलेल्या पदार्थांत आहे. मास्क आणि भुसा ओढून घेणारं यंत्र दोन्ही हवीत. आवाज सहज १०० डेसिबलच्या आसपास जातो, आणि अमेरिकेतल्या शिफारशींनुसार एवढ्या आवाजात दिवसाला १५ मिनिटांहून जास्त राहू नये. म्हणून कानावर इअरमफ चढवायचेच. फक्त कान झाकले की स्विच बंद केल्यावर पातं अजून फिरतंय का, ते कळत नाही. काही यंत्रांत ते बरेच सेकंद फिरत राहतं. टेबलावर पडलेला तुकडा उचलण्याआधी वाकून दाते एकेक वेगळे दिसतात का, ते पाहायचं.