सोळा ठिपक्यांवर अडलेला प्रश्न

आमच्या खान्देशात आठवडे बाजाराला जाणाऱ्याला काँग्रुअन्स अर्धा समजलेलाच असतो. बघा ना, आज बाजार असेल तर 14 दिवसांनी पण बाजारच, आणि 10 दिवसांनी कोणता वार हे सांगायला तारीख लागत नाही, फक्त आजचा वार लागतो. सगळ्या दिवसांचे सात ढीग केले आणि तरी बेरीज बिनचूक चालली, तर ती वाटणी म्हणजे काँग्रुअन्स (शाळेतले एकरूप त्रिकोण वेगळे, इंग्रजीत शब्द तोच आहे म्हणून गोंधळ होतो). गाउसने 1801 मधे ≡ हे चिन्ह यासाठीच वापरलं. पुढे 1935 मधे गॅरेट बर्कहॉफने ग्रुप (जिथे गुणता येतं आणि प्रत्येक गुणणं उलटवता येतं), रिंग (जिथे बेरीज आणि गुणाकार दोन्ही असतात), लॅटिस (वर-खाली क्रम, ज्यात कुठल्याही दोघांच्या लगेच वर एक आणि लगेच खाली एक असतो) सगळ्यांना एकाच नजरेने बघितलं, एक संच घ्या, त्यावर क्रिया घ्या, झालं अल्जिब्रा.

मग दोन प्रश्न आपोआप येतात. दिलेला फाइनाइट, म्हणजे मोजके घटक असलेला, ग्रुप कुठल्या तरी फाइनाइट अल्जिब्राचा ऑटोमॉर्फिझम ग्रुप (क्रिया न बिघडवता घटकांची अदलाबदल करायच्या सगळ्या पद्धती) असतो का? असतो, आणि सोपं आहे: ग्रुपचे घटक हाच संच, प्रत्येक घटकाने डावीकडून गुणणं ही एकेक क्रिया, मग ऑटोमॉर्फिझम म्हणजे उजवीकडून गुणणं, तोच ग्रुप परत हातात. आता एका अल्जिब्राचे सगळे काँग्रुअन्स बारीक वाटणी खाली, जाड वाटणी वर असे लावले की त्यांचं लॅटिस होतं. दुसरा प्रश्न, दिलेलं फाइनाइट लॅटिस कुठल्या तरी फाइनाइट अल्जिब्राच्या काँग्रुअन्सचं असतं का? इथे गाडी अडलीय. ग्रेट्झर आणि श्मिटने 1963 मधे होकार सिद्ध केला, पण त्यांच्या रचनेत अल्जिब्रा अनंत होऊ शकतं.

मला सगळ्यात आवडतं ते असं की वरच्याच अल्जिब्राचे काँग्रुअन्स काढले तर बरोबर त्या ग्रुपचे सबग्रुप (त्याच्या आतले छोटे ग्रुप) मिळतात! पाल्फी आणि पुडलाकने 1980 मधे हाच धागा पकडून दाखवलं की अख्खा प्रश्न फाइनाइट ग्रुपचा आहे, म्हणजे प्रत्येक फाइनाइट लॅटिस कुठल्यातरी ग्रुपच्या दोन सबग्रुपच्या मधल्या भागात सापडतं का एवढंच उरतं.

आता खाली एक ठिपका, वर एक, आणि मधे एकमेकांशी न जोडलेले सुटे ठिपके असं लॅटिस घ्या. मधे 3, 4, 5, 6 असतील तर जमतं, कारण त्यातून एक वजा केला की 2, 3, 4, 5, सगळे प्राइमचे घात, तेवढ्या घटकांचं फील्ड (शून्य सोडून कशानेही भागता येईल अशी रिंग) मिळतं, आणि त्यावरच्या प्रतलात शून्यातून जाणाऱ्या रेषा एक जास्त, तेच मधले ठिपके. 7 ला मात्र 6 घटकांचं फील्डच नाही, तिथे सगळे थांबले, 1983 मधे वॉल्टर फाइटने ते 31 वस्तूंच्या अल्टरनेटिंग ग्रुपमधे (दोन-दोन वस्तूंची अदलाबदल सम वेळा करून होणाऱ्या फेरमांडण्यांचा ग्रुप) शोधून काढलं. नंतर लुकिनीने आणखी काही आकडे मिळवले. 16 अजून कोणालाच सापडलेलं नाही, आणि ते नसतंच असंही कोणी सिद्ध केलेलं नाही.